दुसऱ्या माणसाचं वजन

ज्वारीच्या कडब्याची पेंढी किती मोठी बांधायची, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही. काढणी करणाऱ्या बाईच्या कवेत मावेल एवढी, बस्स. भारा म्हणजे डोक्यावर पेलेल एवढा. त्यापुढे गाडी, म्हणजे बैल ओढतील एवढी. कडब्याचा भाव आजही शेकड्यावर बोलला जातो आणि त्या शेकड्यातली प्रत्येक पेंढी कुणाच्या तरी हाताच्या मापाची असते. गंजी रचतानाही माप माणसाचंच. खालून पेंढी फेकणारा एक, वर झेलून रचणारा दुसरा. खालच्याचे दंड भरून आले की गंजीची उंची संपली.

अमेरिकेत आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस या भागांत कुरणांमध्ये गवताचे अजस्र गोल गठ्ठे पडलेले दिसतात. त्यांना हे माप लावायला गेलं की गडबड होते. पाच फूट रुंद आणि सहा फूट व्यासाचा वाळल्या गवताचा गठ्ठा सहाशे-सातशे किलो भरतो. चार माणसं मिळून तो सपाटीवर फार तर लोटतील, उचलायचं नाव नको. मग हे माप कुणाच्या अंगावर बेतलं? तिकडच्या शेतकऱ्यांत एक चर्चा कायम चालू असते, की गोल गठ्ठे हलवायला कोणता ट्रॅक्टर घ्यावा. उत्तरं बहुधा एचपीत दिली जातात. चाळीस पुरे, नाही पन्नास हवा, छे, पंचाहत्तरच्या खाली बघूच नकोस. मला हे उत्तरच चुकीच्या खात्यात मांडलेलं वाटतं. ते का, हे कळायला गठ्ठा आणि ट्रॅक्टर दोघांचीही कुळी तपासावी लागते. दोघांची घराणी वेगळी, लग्न उशिरा झालेलं, तेही पत्रिका न बघता.

आधी गठ्ठ्याचं घराणं.

शतकापूर्वीपर्यंत तिकडेही गवत मोकळंच रचत. मोंटाना राज्यातल्या बिग होल खोऱ्यात त्यासाठी 'बीव्हरस्लाइड' नावाचा लाकडी उतरणीसारखा सांगाडा निघाला. १९१० मध्ये त्याचं पेटंट झालं. घोडे दोर ओढायचे, गवताचा ढीग त्या उतरणीवरून वर चढायचा आणि पलीकडच्या गंजीवर कोसळायचा. घोडे हाकणारा, गवत लोटत आणणारा, गंजीवर उभं राहून पसरणारा, अशी टोळीच लागायची. गवत दाबून बांधायची यंत्रं त्याच्या आधीपासून होती, पण ती एका जागी रोवलेली. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या डेडरिकची यंत्रं १८७० च्या दशकात नावाजलेली होती. त्यांचं गिऱ्हाईक शेतातलं नव्हतंच. शहरांत ट्राम आणि गाड्या ओढणारी हजारो घोडी होती, त्यांना वैरण रेल्वेने पाठवायची असे आणि रेल्वेच्या डब्यात चौकोनी वस्तू नीट बसते. गवताचा गठ्ठा चौकोनी झाला तो असा, डब्याच्या आकारामुळे.

हे यंत्र शेतात फिरतं व्हायला आणखी बराच काळ गेला. गाठ मारणारा लोखंडी हात विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीने १८७८ च्या सुमाराला गव्हाच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रासाठी बसवून दिला होता. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्याच्या एड नोल्टने तीच गाठ गवताच्या गठ्ठ्याला मारायला लावली आणि १९४० मध्ये न्यू हॉलंड कंपनीने त्याचं यंत्र बनवायला घेतलं. शेतातून चालता चालता गवत उचलायचं, दाबायचं, सुतळीने बांधायचं आणि मागे टाकत जायचं. एकेक गठ्ठा वीस-तीस किलोचा. म्हणजे आपल्या पेंढीची अमेरिकन मावसबहीणच, फक्त थोडी अंगाने भरलेली. शाळकरी पोरं उन्हाळ्याच्या सुटीत हे गठ्ठे ट्रेलरवर फेकायची आणि कोठारात माळ्यापर्यंत रचायची. तिकडच्या एका पिढीच्या आठवणींत गवताची ती कूस, मानेवरचा घाम आणि तळव्यांवरचे सुतळीचे वळ हटकून येतात.

गोल गठ्ठा याच काळात वेगळ्या वाटेने येत होता. नेब्रास्कातल्या सटन गावच्या उम्मो लुबेनने १९१० मध्ये गवत गुंडाळणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. चटईसारखं गुंडाळलेलं गवत पाऊस बाहेरच्या बाहेर निथळून टाकतं. चौकोनी गठ्ठ्यात पाणी मुरतं आणि तो आतून कुजतो. लुबेनची कल्पना तीस वर्षं पडून राहिली. १९४० मध्ये ॲलिस-चाल्मर्स या ट्रॅक्टर कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९४७ मध्ये 'रोटो-बेलर' बाजारात आणला. त्याचा गठ्ठाही माणसाच्या मापाचाच होता, वीस ते पंचेचाळीस किलोंचा, उशीच्या लोडासारखा.

इथे पहिल्यांदा गठ्ठ्याने ट्रॅक्टरची निवड केली, म्हणून हा तपशील सांगतो. रोटो-बेलरमध्ये गठ्ठा भरला की त्यावर सुतळी गुंडाळेपर्यंत पुढे सरकायचं थांबावं लागे, पण बेलर फिरत राहायला हवा. त्या काळच्या बहुतेक ट्रॅक्टरांत क्लच दाबला की चाकं थांबत आणि त्याच क्षणी मागच्या यंत्राला इंजिनाचा जोर देणारा फिरता दांडा, म्हणजे पीटीओही थांबे. म्हणजे गठ्ठा अर्धवट गुंडाळलेला आणि यंत्र गप्प. कॅनडाच्या कॉकशट कंपनीने १९४६ मध्ये 'कॉकशट ३०' मध्ये चाकांपासून सुटा, सतत फिरणारा पीटीओ दिला. ॲलिस-चाल्मर्सने १९४८ च्या 'डब्ल्यूडी' मॉडेलमध्ये पायाच्या क्लचबरोबर हाताचा दुसरा क्लच बसवला. हाताने चाकं थांबवायची, पीटीओ चालू ठेवायचा. आज आपल्याकडे ट्रॅक्टर घेताना 'डबल क्लच आहे का' असं विचारतात ना, त्या प्रश्नाची मुळं अशा यंत्रांत आहेत. रोटाव्हेटरवाल्यालाही तोच क्लच लागतो, पण त्याची तहान आधी गवताला लागली होती.

मग माणसं कमी पडू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेतावरची मुलं गावाबाहेर पडली. सुटीत गठ्ठे फेकायला येणारी पोरं मिळेनाशी झाली. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत कृषी अभियांत्रिकी शिकवणारे वेस्ली बुकेली आणि त्यांचा विद्यार्थी व्हर्जिल हेव्हरडिंक यांनी १९६० च्या दशकात मोठ्या गोल गठ्ठ्यावर काम केलं. विद्यापीठातलं यंत्र विद्यापीठातच राहायची खोड असते. पण त्याच राज्यात पेला नावाचं गाव आहे, १८४७ मध्ये डच लोकांनी वसवलेलं. तिथे गॅरी व्हर्मीर नावाच्या शेतकऱ्याने १९४३ मध्ये धान्याची गाडी उचलून रिकामी करायचं यंत्र घरच्या घरी बनवलं होतं आणि १९४८ मध्ये कंपनी काढली होती. त्याच्या ओळखीचा एक गुरंवाला कंटाळून म्हणाला, की गुरं काढून टाकतो, वैरण करायला माणूसच मिळत नाही. व्हर्मीर कामाला लागला. १९७१ मध्ये त्याचा मोठा गोल बेलर बाजारात आला. पट्ट्यांमध्ये गवत गुंडाळत गुंडाळत टनाच्या घरात जाणारा गठ्ठा. कंपनी त्याची जाहिरात करायची ती 'एका माणसाची वैरण' अशा अर्थाची. ट्रॅक्टरवर बसलेला एक माणूस सगळं करील, दुसरा लागणार नाही.

गठ्ठा एवढा मोठा का केला, याला माणूस न मिळण्याखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते निव्वळ भूमितीचं आहे. हे गठ्ठे छपराखाली ठेवत नाहीत, शेतातच पडून राहतात. पावसाने बाहेरची सहा इंच जाडीची साल खराब झाली असं धरा. चार फूट व्यासाच्या गठ्ठ्यात त्या सहा इंचांत ४४ टक्के गवत असतं. सहा फुटी गठ्ठ्यात तीच सहा इंचांची साल ३१ टक्के. गठ्ठा जितका जाड, तितकी नासाडी कमी. १९८० च्या दशकात सुतळीऐवजी जाळी गुंडाळायची पद्धत आली, तेव्हा पाणी आणखी कमी मुरू लागलं, पण तोवर गठ्ठ्याचं आकारमान ठरून गेलं होतं.

म्हणजे हे माप कुणाच्या अंगावर बेतलं, याचं उत्तर हे. जो माणूस आलाच नाही, त्याच्या रिकाम्या जागेवर ते बेतलं. पेंढी फेकणाऱ्या दुसऱ्याची मजुरी वाचली, पण त्याने उचललं असतं ते वजन कुठे गेलं नाही. ते सगळं ट्रॅक्टरच्या अंगावर आलं, तेही एका वेळी.

आता ट्रॅक्टरचं घराणं.

१९१७ मध्ये हेन्री फोर्डचा 'फोर्डसन' आला, स्वस्त आणि लोकप्रिय. त्याला एक जीवघेणी खोड होती. मागे साखळीने बांधलेला नांगर दगडात किंवा मुळात अडकला की इंजिनाचा जोर चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरलाच मागच्या अक्षाभोवती फिरवायचा. पुढची चाकं वर, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर. हे बघून अस्वस्थ झालेला माणूस उत्तर आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन. हा गडी मुळात मोटारी आणि विमानांच्या नादी; १९०९ च्या शेवटच्या दिवशी स्वतः बनवलेल्या विमानातून त्याने उड्डाण केलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये ट्रॅक्टरने नांगरणी वाढवायच्या सरकारी कामावर तो होता. नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढायचा नाही, ट्रॅक्टरलाच जोडून एक करायचा, हे त्याच्या डोक्यात बसलं. त्यातून निघाली तीन दांड्यांची, म्हणजे तीन पॉइंटची जोडणी. खाली दोन हात, वर एक दांडा, आणि उचलायला हायड्रोलिक लिफ्ट.

यातली खरी गंमत वरच्या दांड्यात, टॉप लिंकमध्ये आहे. नांगर जमिनीत रुतला की तो आपल्याच टोकावर पुढे कलंडू पाहतो आणि त्या कलंडण्याने वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो. नांगर जितका अडकेल, तितकी पुढची चाकं जमिनीला चिकटतात. ज्या ताकदीने ट्रॅक्टर उलटायचा, तीच ताकद त्याला खाली धरून ठेवू लागली. १९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांच्यात हात मिळवून करार झाला, कागद न करता, आणि १९३९ मध्ये फोर्डचा '९एन' आला. किंमत ५८५ डॉलर, वजन जेमतेम टनभर. पुढे दोन्ही घरांत त्या बिनकागदी करारावरून मोठा खटला झाला. १९५२ मध्ये तो ९२.५ लाख डॉलर्सवर मिटला. ती एक स्वतंत्र कथा आहे. आपल्याला पुरतं एवढंच, की तेच तीन पॉइंट आज जगातल्या जवळपास प्रत्येक शेती-ट्रॅक्टरच्या पाठीला आहेत. बारामतीच्या शेतात पल्टी नांगर धरणारेही तेच.

आता १९७१ नंतरच्या एखाद्या आयोवातल्या शेतकऱ्याचं बघा. बेलर आला, शेतात टनाटनाचे गठ्ठे पडले. उचलायचे कशाने? घरात ट्रॅक्टर आहे, पाठीला तीन पॉइंट आहेत. गावच्या लोहाराकडून लांब पोलादी सूळ करून घेतला, तीन पॉइंटला लावला, मागे मागे जात गठ्ठ्यात खुपसला आणि लिफ्ट वर केली. काम झालं. आणि फर्ग्युसनने आयुष्य घालून जे भूत बाटलीत बंद केलं होतं, ते बाहेर आलं. सुळावर लटकणारा गठ्ठा जमिनीत रुतलेला नसतो. तो हवेत टांगलेला मेलेला भार असतो. तिथे वरचा दांडा ट्रॅक्टरला रेटत नाही, मागे खेचतो. नांगराच्या वेळी जो दांडा पुढची चाकं खाली दाबत होता, तोच गठ्ठ्याच्या वेळी ती वर उचलतो.

हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज पडू नये. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे दोन ट्रॉल्या भरून चढाला लागलेला ट्रॅक्टर पुढून उठतो, तेव्हा पोरं बॉनेटवर बसतात. ती पोरं म्हणजे पुढचं वजन, काउंटरवेट. पण गठ्ठ्याच्या बाबतीत चढ लागतच नाही, सपाटीवरही हिशेब तोच राहतो, म्हणून तो एकदा मांडून दाखवतो.

दोन टनांचा, टू-व्हील ड्राइव्ह, मध्यम ट्रॅक्टर घ्या. त्यातलं साडेसातशे किलो वजन पुढच्या अक्षावर असतं. दोन अक्षांमधलं अंतर १.९ मीटर. सुळावरच्या गठ्ठ्याचा मध्य मागच्या अक्षापासून साधारण दीड मीटर मागे पडतो. चारशे किलोचा गठ्ठा उचलला की तरफेच्या नियमाने पुढून ३१५ किलो वजन हलकं होतं, उरतं ४३५. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर हवं, नाहीतर स्टिअरिंग ऐकत नाही, असा जो सर्वसाधारण नियम आहे, त्यात हा गठ्ठा कसाबसा बसला. आता सातशे किलोचा उचला. पुढून ५५० किलो उडाले, उरले दोनशे. चाक जमिनीला टेकलेलं दिसतं, पण वळवाल तिकडे वळेलच असं नाही. एका खड्ड्यात मागचं चाक आदळलं की पुढचं हवेत. आणि या सगळ्या हिशेबात एचपी कुठे आला? चाळीसचं इंजिन असो की साठचं, आकडा तोच. इंजिन बंद असलं तरी तोच.

याच हिशेबातली दुसरी गोम कंपनीच्या पत्रकात असते. लिफ्टची उचल दोन ठिकाणी मोजतात. एक खालच्या हातांच्या टोकाला, दुसरी त्यापासून २४ इंच मागे. पत्रकात मोठ्या अक्षरात पहिली छापलेली असते, कारण ती नेहमी जास्त असते. गठ्ठ्याचं वजन मात्र टोकाला नसतं, त्याच्याही मागे असतं. नेब्रास्का राज्याने ट्रॅक्टरविक्रेत्यांच्या थापांना कंटाळून १९१९ मध्ये कायदा केला, की स्वतंत्र चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. लिंकन शहरातल्या विद्यापीठात १९२० पासून या चाचण्या चालू आहेत. पहिली चाचणी 'वॉटर्लू बॉय'ची होती. त्या अहवालांतले ट्रॅक्टरच्या वजनाचे आणि लिफ्टच्या उचलीचे आकडे गठ्ठेवाल्याने आधी वाचावेत आणि एचपीचा आकडा मग, असं माझं मत.

मागून उचलण्याला पर्याय पुढून उचलण्याचा, म्हणजे फ्रंट लोडरचा. ट्रक भरायचा, गठ्ठ्यावर गठ्ठा चढवायचा, तर लोडरच लागतो. पण इथेही घराण्याचे जुने दोष निघाले. १९७० च्या दशकात तिकडच्या गोठ्यांत उभे असलेले कितीतरी ट्रॅक्टर 'फार्मॉल'च्या वंशातले होते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९२४ मध्ये काढलेला हा ट्रॅक्टर मका-कापसाच्या ओळींतून चालावा म्हणून पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटून घातलेला. दिसायला तीनचाकीच. मक्यात तो झकास चालायचा. पण त्यावर लोडर लावून गठ्ठा उंच धरला की ट्रॅक्टर तिपाईसारखा कलायचा. लोडरचं वजन आणि गठ्ठ्याचं वजन पुढच्या अक्षावर येई. तो अक्ष मुळात स्टिअरिंगपुरता बनवलेला, भार वाहायला नव्हे. मागची चाकं हलकी होऊन घसरत, ब्रेक तर मागेच. म्हणून मग मागच्या टायरांत वजन भरायची पद्धत. आपल्याकडे चिखलणीच्या वेळी टायरमध्ये पाणी भरतात, तसंच. पण तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं, म्हणून ते कॅल्शियम क्लोराइड कालवून भरत, आणि ते क्लोराइड हळूहळू रिम खात असे. काही जण आता बीटाचा रस भरतात. गठ्ठे हलवायला बीटाचा रस, हे ऐकायला गमतीचं वाटतं खरं, पण तो जड असतो, लवकर गोठत नाही आणि रिमला गंज चढवत नाही.

लोडरचा सगळ्यात वाईट अपघात मात्र वेगळाच असतो. गठ्ठा गोल असतो. बादलीसारख्या बकेटमध्ये तो नुसता ठेवून वर नेला आणि बकेट जरा जास्त मागे कलली, की तो लोडरच्या हातांवरून गडगडत थेट चालकाच्या अंगावर येतो. सहाशे किलो, तीन मीटर उंचीवरून. ट्रॅक्टर उलटला तर चालक वाचावा म्हणून सीटमागे जो लोखंडी कमानीचा सांगाडा असतो, तो स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना सक्तीचा केला. अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९८५ पासून तो आपणहून सर्रास द्यायला सुरुवात केली. पण दोन खांबांची ती कमान वरून गडगडत येणाऱ्या गठ्ठ्यापुढे पुरी पडतेच असं नाही. म्हणून सूळ किंवा चिमट्यासारखा पंजा हवा, आणि गठ्ठा घेऊन चालताना तो जमिनीलगत ठेवायला हवा. मला विचाराल तर जुना, बिनकमानीचा ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय म्हणून लोडर लावून गठ्ठ्यांच्या कामाला घेणं हा शुद्ध जुगार आहे, मग त्याचं इंजिन कितीही टुणटुणीत असो.

आता या कुळीत आणखी एक फाटा फुटला आणि तोच आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. सुरुवातीला गठ्ठा बांधणारा आणि हलवणारा शेतकरी एकच होता. पाच-सहा फुटी गठ्ठे बांधायला सत्तर-ऐंशी एचपीच्या वरचा ट्रॅक्टर लागतोच, कारण बेलर पीटीओवर चालतो आणि तिथे एचपी खराखुरा लागतो. त्याच ट्रॅक्टरने गठ्ठे उचलले जात. तो आपोआपच जड असे, त्यामुळे कुणी वेगळा विचार केला नाही. पुढे शहराजवळ पाच-दहा एकर घेऊन दोन घोडी आणि चार गाई पाळणारे आले. ते गठ्ठे स्वतः बांधत नाहीत, शेजारच्या बेलरवाल्याकडून विकत घेतात. एक गाय दिवसाला दहा-बारा किलो वाळलं गवत खाते, म्हणजे पाचशे किलोचा गठ्ठा एकटीला सुमारे दीड महिना पुरतो. असे वर्षाला वीस-तीस गठ्ठे कुंपणाच्या आत हलवायचे, एवढंच त्यांचं काम. त्यांनी बांधणाऱ्याच्या तोंडून एचपीची भाषा उचलली, पण गरज त्यांना वजनाची होती.

बाजारात त्यांच्यासाठी तयार होते जपानी छोटे ट्रॅक्टर. कुबोटा १९६९ मध्ये अमेरिकेत आली ती 'एल२००' घेऊन. जपानी भातखाचरांसाठी घडलेली ही जात हलकी असते, कारण चिखलात रुतायचं नसतं. तिचे पुढचे वंशज तीस-पस्तीस एचपीचे, देखणे, फोर-व्हील ड्राइव्ह, आणि अंगाने टन-दीड टनाचे. त्यांच्यापुढे सहा फुटी गठ्ठा ठेवणं म्हणजे सायकलवर घरातलं कपाट नेणं.

इथे आपल्या ओळखीचा एक पाहुणा या कथेत येतो. फार्मॉलवाल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्रा आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये भारतात ट्रॅक्टरची कंपनी सुरू केली. त्यातून 'बी-२७५' आपल्या शेतांत आला. वीस वर्षांनी मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टर अमेरिकेत डबघाईला आली, तिचा शेतीचा धंदा दुसऱ्या कंपनीत विलीन झाला. आणि १९९४ मध्ये महिंद्रा टेक्सासमध्ये दुकान मांडून बसली. कांदिवली-नागपूरकडची घडण नांगरट, चिखलणी आणि उसाच्या ट्रॉल्या ओढण्यासाठी होती, त्यामुळे अंगात लोखंड भरपूर. कंपनीने तिथे विकताना वजन आणि लिफ्टची उचल यांवरच भर दिला. वीस-तीस गठ्ठेवाल्यांना तेच हवं होतं. शिकागोहून निघालेलं फार्मॉलचं नातं मुंबईमार्गे टेक्सासला परत आलं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अर्थात त्या कंपनीची तिकडची लहान मॉडेलं कोरिया-जपानच्या कारखान्यांत घडलेली असतात, म्हणून नावावर जाऊन उपयोग नाही. ट्रॅक्टर काट्यावर घालून बघायचा.

एचपीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये याला अलीकडे आणखी एक कारण झालं आहे, सरकारी. अमेरिकेत धुराचे कडक नियम २५ एचपीच्या वर लागतात. म्हणून कंपन्या भरभक्कम सांगाड्याच्या ट्रॅक्टरातही पंचवीसच्या जरा खालचं इंजिन घालतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना नवे नियम लागले, आणि शोरूममध्ये एकोणपन्नासची गर्दी झाली. तेव्हा दोन ट्रॅक्टरांचा एचपी सारखा, आणि वजनात पाचशे किलोंचा फरक, असं सर्रास दिसतं.

म्हणून ट्रॅक्टर निवडायची खरी सुरुवात शोरूममध्ये नाही, शेजारच्या बेलरवाल्याच्या अंगणात होते. तो गठ्ठा कोणत्या मापाचा बांधतो? चार बाय चारचा असेल तर दोनशे-अडीचशे किलो. चार बाय पाचचा साडेतीनशे-चारशे. पाच बाय पाचचा साडेचारशे-पाचशे. रुंदी एक फूट वाढली तर वजन सरळ वाढतं, पण व्यास एक फूट वाढला तर वर्गाने वाढतं. गवत वाळलेलं आहे की ओलसर, मूरघासासाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं? तेच माप ओलं असेल तर वजन दीड-दोन पटींवर जातं आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. जमीन सपाट आहे की उताराची? ट्रकवर चढवायचे आहेत की नुसते गोठ्यापर्यंत न्यायचे? याची उत्तरं हातात घेऊन मग ट्रॅक्टरकडे बघायचं. त्याचं वजन किती, पुढच्या अक्षावर किती, लोडर गठ्ठ्याच्या मध्याशी किती उचलतो, वरच्या टोकाला पोचल्यावर किती. आणि जाणते लोक एक युक्ती सांगतात ती झकास आहे. पुढे लोडरवर एक गठ्ठा आणि मागे सुळावर दुसरा, असे जोडीने न्यायचे. पुढचा मागच्याला तोलतो. दोन खेपांचं काम एका खेपेत होतं, ट्रॅक्टर सरळ चालतो. फक्त अट एकच, की ट्रॅक्टरचं अंग दोघांना पेलण्याएवढं असावं.

महाराष्ट्रात हा प्रश्न अजून याच रूपात आलेला नाही. ऊस तोडल्यावर पाचट जाळण्याऐवजी गोळा करायला जे छोटे गोल बेलर निघाले आहेत, त्यांचा गठ्ठा दोन फूट व्यासाचा आणि तीन फूट लांबीचा असतो, पंचवीस-तीस किलोचा. म्हणजे लुबेनच्या आणि १९४७ च्या रोटो-बेलरच्या मापाचा. पस्तीस-चाळीस एचपीचा ट्रॅक्टर तो आरामात बांधतो, आणि मागे सुतळीत बांधलेले लोड सरीसरीवर टाकत जातो. दुपारनंतर ट्रॉली येते. खाली उभा असलेला एक जण गठ्ठा मांडीवर घेतो, झोका देतो आणि वर फेकतो. ट्रॉलीत उभा दुसरा तो झेलून रचतो.